बाकावरच्या मुलीचा आवाज

मला प्रश्न विचारणारी माणसं आवडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. मी रेकॉर्डिस्ट आहे. काचेच्या अलीकडे मी बसतो, पलीकडे माणसं माइकसमोर उभी राहून परदेशी मालिकांतल्या तोंडांत आपले शब्द बसवतात, आणि मी ते पकडतो. दिवसभर हेच. संध्याकाळपर्यंत डोकं नुसतं भणभणतं. अशात कुणी येऊन "हे असं का रे?" म्हटलं की माझं टाळकं सटकलंच म्हणून समजा. आणि आमच्या नशिबी आत्या आल्या होत्या. त्या चपला नंतर काढायच्या, प्रश्न आधी.

आत्या माझ्या कुणी लागत नाहीत. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा मालिकेत त्यांना नायकाच्या आत्याचं काम मिळालं होतं. "आलास? हातपाय धू," एवढं एकच वाक्य. ते त्यांनी इतकं मनापासून म्हटलं की सगळा स्टुडिओ त्यांना आत्या म्हणायला लागला. पुढे भाग लांबला म्हणून ते वाक्य कापलं गेलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. त्यानंतर त्यांना कधी एका माणसाचं काम मिळालं नाही. त्या गर्दी झाल्या.

गर्दी म्हणजे काय, तर पडद्यावर बाजार भरलाय, आग लागलीय, राजा आलाय, तिथे लोक कलकल करतात ना, ती कलकल कुणीतरी करावी लागते. चौघं जण एका माइकभोवती उभे राहून ओरडतात. मग जागा बदलून, आवाज बदलून पुन्हा ओरडतात. मी थरावर थर चढवतो आणि चौघांचे चारशे होतात. आत्या या चौघांच्या म्होरक्या. म्हातारी, शेंबडी पोर, भांडकुदळ बाई, घाबरलेली बाई, जे म्हणाल ते. कितीतरी मालिकांत त्या आहेत आणि एकीतही त्या तुम्हाला सापडणार नाहीत.

घरीही यावरूनच वाजायचं. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथे आत्या आपल्या नणंदेबरोबर राहतात. दोघींचे नवरे गेले, दोघी एकमेकींना धरून राहिल्या. नणंदबाई हॉस्पिटलात नर्स होत्या. आयुष्यभर पेशंटना "बोलू नका" म्हणण्यात स्वतःचं जे बोलायचं राहून गेलं, ते त्या आता व्याजासकट वसूल करतात. संध्याकाळी टीव्ही लागला की त्यांचा ठरलेला सवाल, "यातली तू कुठली?"

"ते सगळे ओरडतायत ना, त्यात," आत्या म्हणायच्या.

"अगं, पण नेमकी कुठली?"

"सगळीच."

"म्हणजे कुठलीच नाही," असं म्हणून नणंदबाई हात झटकायच्या. आत्यांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही दोघं खो खो हसलो होतो. दुसऱ्यांदा सांगताना त्या हसल्या नाहीत.

मग आमच्याकडे ती जपानी मालिका आली. कार्टून. शाळेतल्या मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ. एवढाल्या डोळ्यांच्या पोरी, एकदा उडी मारली की खाली यायचं नावच नाही. हवेतल्या हवेत स्वतःचं लहानपण आठवून घेतात, आईची मनातल्या मनात माफी मागतात, आणि मग सावकाश चेंडू मारतात. पहिल्याच दिवशी मी कपाळावर हात मारून घेतला. नायिकेचा, म्हणजे संघाच्या कप्तानाचा आवाज राजकन्येचा. तिला राजकन्या म्हणतो कारण आजवर तिने एकजात राजकन्याच केल्या. दिग्दर्शन मॅडमचं, स्टुडिओही मॅडमचाच. आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा अर्थातच आत्यांचा.

त्या संघात एक मुलगी होती, बाकावर बसणारी. बारीक वेणी, एका गुडघ्याला पट्टी. नाव असेलही तिला, आमच्या कागदांवर नव्हतं. ती बाकावरून उठायची, दोन्ही हातांचा भोंगा करायची आणि ओरडायची, "एकच! एकच पॉइंट!" भाग कुठलाही असो, हिचं काम एवढंच. मॅडम म्हणाल्या, "ही आत्यांना देऊन टाक, गर्दीतच धरू." मग जरा थांबून म्हणाल्या, "पुढे हिला मोठं काम निघालं तर मात्र कुणीतरी नावाजलेली घेऊ."

आत्या तिथेच उभ्या होत्या. "बरं," म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्यांचा जीव त्या पोरीत अडकला. आडून आडून नाही, सरळ तोंडाने मला म्हणाल्या, "काचवाल्या, ही एकदा मैदानात उतरायला हवी. आणि उतरेल तेव्हा आवाज माझा हवा. एवढं झालं ना, मग तुमच्या त्या तयार गर्दीला माझी काही हरकत नाही."

तयार गर्दी म्हणजे मॅडमनी नुकताच आणलेला आवाजांचा संग्रह. एक बटण दाबलं की बाजार, दुसरं दाबलं की दंगल, पाहिजे तेवढी, पाहिजे तेव्हा. ही मालिका संपली की माइकभोवती चौघांना उभं करायची गरज उरणार नव्हती. म्हणजे आत्यांसाठी ही शेवटचीच. सगळ्यांना माहीत होतं.

आता आमचं काम कसं चालतं ते नीट ऐका, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. आम्ही मालिका सलग बघत नाही. जिथे कुणीतरी बोलतं तेवढाच तुकडा काढतो, त्याला लूप म्हणतात. लूप लावायचा, तोंड बघायचं, बोलायचं, ओके, पुढचा. तेही उलटसुलट, राजकन्येला ज्या दिवशी वेळ असेल त्या दिवशी तिचे सगळे. जिथे कुणी बोलत नाही तो भाग सर्रकन पुढे ढकलायचा, तिथे आमचं काय काम? त्यामुळे त्या संघातल्या प्रत्येक पोरीचे ओठ मला तोंडपाठ, पण सामना कोण जिंकलं विचाराल तर मी गप्प. चेंडूकडे आमच्यापैकी कुणी बघितलेलंच नाही. राजकन्येनेही नाही, जिने सगळे पॉइंट मारले!

आत्यांना हे खपेना. "त्यातली एक पोरगी एकटीच वेगळ्या रंगाचा शर्ट का घालते रे? बाकीच्यांसारखा वाळला नव्हता का?"

"मला काय माहीत?" मी म्हणायचो.

राजकन्या ठासून म्हणाली, "कप्तान असते ती."

"बाई, कप्तान तू आहेस," मी म्हटलं. तिने पडद्यावर स्वतःचा शर्ट नीट बघून घेतला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"आणि पॉइंट गेला तरी एकमेकींना टाळ्या कसल्या देतात?"

"आत्या, लूप!"

शेवटी त्या स्वतःच शोध लावायला निघाल्या. त्यांच्या घराजवळ शाळेचं मैदान आहे, तिथे मुली व्हॉलीबॉल खेळतात. आत्या जाऊन कुंपणाला नाक लावून उभ्या राहायला लागल्या. एक-दोन दिवस झाल्यावर तिथल्या कोचबाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुमची मुलगी आहे का संघात?"

"हो, म्हणजे... बाकावर असते," आत्या म्हणाल्या.

"आमच्या? कितवीत आहे?"

"ते विचारावं लागेल मला."

कोचबाईंना काय वाटलं असेल देव जाणे, पण बाई भल्या निघाल्या. त्यांनी आत्यांना आत घेऊन बसवलं आणि सगळा खेळ समजावला. दुसऱ्या दिवशी आत्या स्टुडिओत आल्या त्या विजयी मुद्रेने. वेगळ्या शर्टाची मुलगी फक्त पडणारे चेंडू उचलते, तिला जोरात मारायची परवानगी नसते. टाळी द्यायची ती पॉइंट गेला म्हणून तोंड पाडून बसू नये यासाठी. "आणि ऐक, मुख्य गोष्ट राहिलीच! सामन्यात मध्येच एखादीला बाकावरून उठवून फक्त सर्व्हिस करायला आत घेता येतं. एका सर्व्हिसपुरतं सुद्धा! म्हणजे आपल्या पोरीला अजून आशा आहे."

"आपल्या" म्हणाल्या त्या.

राजकन्या म्हणाली, "आत्या, एवढी उत्सुकता आहे तर मी आत्ता मोबाइलवर बघून सांगते, शेवटी काय होतं ते." आणि बोटं चालवायलाही लागली. आत्यांनी झडप घालून तिचा फोन पालथा केला. "खबरदार! तिला स्वतःला माहीत नाही अजून. मला आधी कळलं तर मी ओरडेन कशी?"

त्यानंतर हा रोजचाच प्रकार झाला. आमचा स्टुडिओ तळघरात; सकाळी पायऱ्या उतरताना वरूनच हाक, "काचवाल्या, खेळली का?" मी आदल्या दिवशीचे लूप बघितलेले असायचे. "नाही. बाकावरच आहे," मी सांगायचो. "बरं," असं म्हणून त्या चपला काढायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, कार्टून आहे ते! चितारलेली पोरगी!" त्या शांतपणे म्हणाल्या, "मग काय झालं? बसायला तर लागतंच ना तिला."

करता करता शेवटचे भाग आले. स्पर्धेचा अंतिम सामना. त्यात बाकावरच्या मुलीचा एकच लूप होता, तोच आपला, "एकच! एकच पॉइंट!" लूप सुरू होतो तो थेट तिच्या चेहऱ्यावर, पडदाभर तोंड. आत्यांनी एकदा बघितला आणि हेडफोन काढला.

"ही धापा का टाकतेय?"

मी पुन्हा लावला. खरंच, जपानी आवाजात धाप होती. कपाळावर घामाचे थेंबही काढले होते.

"भावना आहे ती, आत्या," मॅडम म्हणाल्या. "शेवटचा सामना आहे."

"पंखा बंद असेल," मी म्हटलं.

"नाही नाही. ही कुठूनतरी पळत आलीय." आत्या विचारात पडल्या. "संडासला गेली असेल का? ऐन सामन्यात पोट बिघडतं एखादीचं. बिचारी धावत आली असेल परत."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. "आत्या, ती बाकावर बसलेली मुलगी आहे. बसलेल्या माणसाला धाप लागली तर लोक हसतील. साधं करा." आत्यांनी साधं केलं. ओके झालं. मॅडम फोन घेऊन बाहेर गेल्या.

तशा आत्यांनी एक बोट वर केलं. "एक माझा."

ही आत्यांची जुनी खोड. दिग्दर्शकाला हवा तसा टेक झाला की एक स्वतःला हवा तसा द्यायचा. त्याचा उपयोग कधीच होत नाही, तरी पाहिजे. मी चडफडतो आणि घेतो. या वेळी तर कहर केला. चप्पल नाही काही नाही, पदर खोचला, दार उघडं ठेवायला सांगितलं, आणि तळघराच्या पायऱ्या धाडधाड चढून वर गेल्या, धाडधाड खाली आल्या, पुन्हा वर, पुन्हा खाली. वर फर्निचरचं दुकान आहे, तिथला पॉलिशवाला खाली डोकावून विचारायला लागला, काय पेटलंय का म्हणून. आत्या माइकसमोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा ऊर लोहाराच्या भात्यासारखा हलत होता. "एकच! ए... एकच पॉइंट!" आणि मग तिथेच जमिनीवर बसून हसायला लागल्या. "या वयात पोरी मला मारणार," म्हणाल्या. तो टेक मी ठेवून दिला. काम पोचतं होईपर्यंत मी काही पुसत नाही, स्वभावच आहे माझा.

मग अंतिम सामन्याची गर्दी. गर्दीला आम्ही चित्रही दाखवत नाही, उगाच वेळ जातो. मॅडम कागदावरच्या वेळा बघून नुसतं सांगायच्या, "आपला पॉइंट आला, ओरडा," की चौघं ओरडायचे. "आपला गेला, हळहळा," की हळहळायचे. आत्या त्या सामन्यात जिवाच्या आकांताने ओरडल्या. शेवटचीच गर्दी होती ना त्यांची. मी अलीकडून हातवारे करत होतो, बेताने, बेताने! ऐकतील तर शपथ. संपल्यावर काचेपाशी आल्या, माझ्याकडे बघून ओठ हलवले, आणि आवाजच नाही. मला वाटलं माझाच माइक बंद आहे.

डॉक्टरांनी सांगितलं, गळा सुजलाय, आता काही दिवस एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, नाहीतर आहे तोही आवाज जाईल. त्या दिवशी जाताना आत्यांनी पायऱ्यांपाशी वळून भुवया उंचावल्या. खेळली का? मी मान हलवली. नाही. सगळे लूप संपले होते. त्यांनी दोन्ही हातांनी जाऊ दे अशी खूण केली आणि सावकाश पायऱ्या चढून गेल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, खोटं कशाला बोलू?

मालिका पाठवायच्या आधी एकदाच आम्ही सगळं सलग बघतो, काही न ढकलता. मॅडम, मी, आणि एक वाक्य पुन्हा करायला आलेली राजकन्या. शेवटचा भाग होता. संध्याकाळी माल जायचा होता. सामना रंगात आला आणि मग बराच वेळ पडद्यावर कुणीच बोलेना. असा लांबलचक मुका भाग, जो मी कधीतरी सर्रकन पुढे ढकलला असणार. त्यात प्रशिक्षक हात वर करतो. बाकावरून कुणीतरी उठतं. बारीक वेणी. गुडघ्याला पट्टी.

"अगं बाई!" राजकन्या किंचाळली.

ती चेंडू घेऊन रेषेमागे जाऊन उभी राहते. सगळी गर्दी गप्प. ती चेंडू आपटते, धरते, मान वर करते, आणि तिचं तोंड उघडतं. आणि काही नाही. आमच्या ट्रॅकवर काहीच नाही. मूळ जपानी लावून बघितलं, तर तिथे एक श्वास होता. फक्त श्वास. शब्द नाही म्हणून कागदावर नाही, कागदावर नाही म्हणून लूप नाही. आणि आमची पोरगी आयुष्यात पहिल्यांदा मैदानात उतरलेली, ती पाण्यातल्या माशासारखी नुसतं तोंड उघडून उभी. सर्व्हिसचं पुढे काय झालं ते आत्ता सांगत नाही. आत्यांना कळेल तेव्हाच तुम्हालाही कळू दे. ती बाकावर परत येते, घामाघूम, आणि ओरडते, "एकच! एकच पॉइंट!" अगदी ठणठणीत. गादीवरून उठून आल्यासारखी.

"धाप," मॅडम हळूच म्हणाल्या. मग तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. "आणि आपण पंखा काय, पोट काय!"

धापेचा प्रश्न नव्हता. 'एक माझा' माझ्याकडे होता, तो मी तिथल्या तिथे बसवला आणि तो असा बसला की बस. राहिला श्वास. मॅडमनी घड्याळ बघितलं. "राजकन्या आहेच इथे. एक श्वास तर आहे, घेऊन टाक."

राजकन्या माइकसमोर गेली. तिने श्वास घेतला, ओठांवर चपखल बसला, मॅडमनी ओके म्हटलं. मी बटणावरचा हात हलवला नाही. मला राग आला होता, सगळ्यांचा, स्वतःचा जास्त. म्हटलं, "मॅडम, मी नाही लावणार हा."

"अरे, पण आत्यांना बोलायला बंदी आहे!"

"श्वासाला कुठे आवाज लागतो?"

काचेपलीकडून राजकन्या म्हणाली, "मॅडम, नकोच माझा. इतके महिने मी हिच्या पुढ्यात खेळतेय, मागे वळून हिच्याकडे एकदा बघितलंही नाही मी. आत्यांना बोलवा." नखरेल आहे पोरगी, पण त्या क्षणी मी तिचे सगळे नखरे माफ केले.

मी फोन लावला. उचलला अर्थातच नणंदबाईंनी. "तिला बोलायचं नाहीये! काय काम आहे ते मला सांगा. आणि तुम्हीच ना ते, तिचा गळा बसवणारे?"

"हो, मीच. त्यांना फक्त एवढं सांगा, खेळतेय."

"कोण खेळतंय?"

"त्यांना कळेल."

पलीकडे नणंदबाईंचा आवाज लांब गेला, "अगं, तो म्हणतोय खेळतेय, कोण गं खेळतंय?" मग काहीतरी भांडं पडल्याचा आवाज. मग पुन्हा नणंदबाई, घाईघाईने, "अहो, ही चपला न घालता निघाली! ठेवते!"

दोघी आल्या. नणंदबाई पुढे, आत्यांच्या वतीने बोलायला. आत्यांनी हात हलवला की या अर्थ सांगणार, आणि तो हटकून चुकीचा. आत्यांनी माझ्याकडे बोट दाखवून मूठ वळवली, तर म्हणाल्या, "ती म्हणतेय, तुम्हाला मारणार आहे." आत्या म्हणत होत्या, लवकर लाव.

मी लूप लावला. आमच्या पद्धतीने, लागतो तेवढाच तुकडा. ती रेषेमागे उभी, मान वर, तोंड उघडतं, संपलं. आत्यांनी तो पुन्हा पुन्हा बघितला. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले होते. पहिला श्वास मोठा झाला. दुसरा ओके. मॅडमनी हात जोडले, "झालं, आत्या."

आत्यांनी एक बोट वर केलं.

"अजून एक घ्या म्हणतेय," नणंदबाई म्हणाल्या. या वेळी बरोबर होतं.

'एक माझा' मध्ये त्यांनी श्वास आत घेतला आणि सोडलाच नाही. तसाच धरून ठेवला, लूप संपला तरी, मी थांबवलं तरी. खांदे वर, डोळे पडद्यावर. मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान डोलावली. मी तोच लावला.

मग आत्यांनी दोन्ही तळवे उघडून माझ्याकडे बघितलं. पुढे?

"बसा," मी म्हटलं. स्टुडिओतलं ते करकरणारं स्टूल, ज्यावर मी कुणाला बसू देत नाही, ते स्वतः सरकवून दिलं. आणि मागून, पार प्रशिक्षक हात वर करतो तिथून, सलग लावलं.

ती उठली. रेषेमागे गेली. चेंडू आपटला. श्वास आत गेला आणि आमच्या तळघरात कुणी श्वास सोडला नाही. तिने उडी घेतली, मारला. चेंडू गेला, गेला, जाळीच्या वरच्या पट्टीला लागला, तिथे जरा घुटमळला, आणि आमच्याच बाजूला पडला.

गेला पॉइंट.

सगळी गर्दी "अरेरे" करून गप्प झाली. आणि त्या शांततेत, वर प्रेक्षकांत कुठेतरी, एक बाई ओरडली, "असू दे गं! असू दे!" गर्दी करताना मॅडम म्हणाल्या होत्या, "आपला गेला, हळहळा." कुणाचा गेला, कसा गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकीचे हळहळून थांबले होते, आत्या मात्र न थांबता एवढं जास्तीचं ओरडल्या होत्या. ते तसंच राहिलं होतं, बरोब्बर तिथे.

पोरीने हात चड्डीला पुसला. सगळ्यांनी तिच्या हातावर टाळी दिली. ती बाकापाशी आली, वळली, दोन्ही हातांचा भोंगा केला, आणि धापा टाकत, घशातून ओढून काढत ओरडली, "एकच! ए... एकच पॉइंट!"

नणंदबाई ताडकन उभ्या राहिल्या. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही! ही तू! अगं, ही तूच आहेस ना? आणि ती मघाची वरची, तीही तू!" इतकी वर्षं जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्यांचं त्यांना सापडलं होतं, आणि त्या रडत होत्या.

आत्यांचे गाल ओले झाले होते. त्यांनी नणंदेचा हात धरला, काचेतून माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि डॉक्टर, मॅडम, मी, सगळ्यांनी बजावलेलं असताना, त्या फुटक्या, खरखरीत आवाजात बोलल्या.

"खेळली," म्हणाल्या. "खेळली रे, काचवाल्या."

"आत्या, गळा!" असं मी ओरडलो खरा, पण काचेपलीकडे काही ऐकू गेलं नसणार, कारण माझाच आवाज फुटला नाही.